स्वरतंतूंचं सिम्युलेशन: माझे तंतू दोन-चार हेलकाव्यांत गप्प का होतात?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरातच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी प्रोजेक्टला मागाचा धोटा, उसाचं पाचट, सोलर ड्रायर असे शहाण्यासारखे विषय घेतले. मी घेतलाय माणसाचा गळा. बोलताना स्वरतंतू कसे थरथरतात याचं कॉम्प्युटर मॉडेल करायचंय.

विषय घरातूनच आला. आई झेडपीच्या शाळेत शिकवते. दुपारच्या सुट्टीनंतर तिचा आवाज बसतो, संध्याकाळी तर नुसती हवा. ईएनटी डॉक्टरांनी स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या दिव्याने तंतूंची हालचाल संथ करून दाखवणारी तपासणी) केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पडद्यावर मोतिया रंगाच्या दोन पट्ट्या, आणि दोन्हींच्या कडेवर समोरासमोर एकेक बारीक उंचवटा, म्हणजे गाठ. मिटताना आधी ते उंचवटे एकमेकांना टेकतात आणि त्यांच्या पुढेमागे फट तशीच राहते. डॉक्टर म्हणाले, या फटीतून हवा निसटते, म्हणून घोगरेपणा. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच: हे हलतं कसं?

आता अडचण. दोन्ही तंतू सारखे धरून एकच बाजू सोडवतोय. एक वस्तुमान, एक स्प्रिंग, एक डॅम्पर (हालचालीची ऊर्जा खाणारा). फुप्फुसाकडून ८०० पास्कल दाब, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर पाणी, रोजच्या बोलण्याइतका. फटीतला दाब बर्नूलीच्या नियमाने (हवेचा वेग वाढला की दाब कमी) काढतो. पायथनमध्ये सोडवलं. तंतू दोन-चार हेलकावे घेतात आणि शांत. दाब दुप्पट केला तर फक्त स्थिरावण्याची जागा सरकते. डॅम्पिंग शून्य केलं की अखंड हलतात, पण ती चीटिंग झाली. टाइम स्टेप बारीक करून पाहिली, सॉल्व्हर बदलला, फरक नाही. गाईड म्हणतात साइन, म्हणजे अधिक-उण्याचं चिन्ह, चुकली असेल. साइन तीनदा तपासली, बरोबर आहे. या वाटेला कुणी गेलंय का?

शेंगाचटणी

काय बे, गळ्याचं मॉडेल करायलास? मोबाइलमधली बाई रोज माझ्याशी बोलते, तिला कुठं स्वरतंतू हायत. ते एआयनं झालंय की सगळं. पाचटाचं तरी घ्यायचं होतंस, कारखान्यात चिकटला असतास.

कंपनकाका

शेंगाचटणी, मोबाइलमधल्या बाईला गाठी होत नाहीत, तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन होत नाही. तिला आवाजाचा नमुना पुरतो, कारण लागत नाही. हा पोरगा कारण शोधतोय. असो.

जुळे_सोलापूर, मी मूळचा बाळीवेशीतला, आता पुण्यात यंत्रांची कंपनं मोजून पोट भरतो. तुझ्या गाईडना नमस्कार सांग, साइन खरंच बरोबर आहे. तुझं मॉडेल जे सांगतंय तेही बरोबर आहे: अशा तंतूंना आवाज काढता येणार नाही.

बघ, तू दाब काढतोस तो फक्त फटीच्या रुंदीवरून. म्हणजे तंतूवरचं बल हे केवळ त्याच्या जागेवर अवलंबून. तंतू बाहेर जाताना १ मिलिमीटरवर जे बल, तेच परत येताना १ मिलिमीटरवर. जाताना हवेने जितकी ऊर्जा दिली तितकीच येताना परत घेतली. एका फेरीची बेरीज शून्य. डॅम्पिंग मात्र प्रत्येक फेरीत आपला वाटा खातंय. मग हेलकावे विझणारच, ८०० काय आणि १६०० पास्कल काय.

कंपन टिकायचं तर हवेने बाहेर जाताना जास्त ढकललं पाहिजे आणि आत येताना कमी. म्हणजे बलाला दिशा कळली पाहिजे. ते कसं होतं, हा खरा प्रश्न आहे, आणि माणसांनी त्यावर बरीच वर्षं डोकं घातलंय.

फिजिक्स_सर

माफ करा, पण हे जरा जास्तच होतंय. कुठल्याही पुस्तकात स्पष्ट दिलेलं असतं: दाबाने तंतू उघडतात, हवा वेगाने जाते, बर्नूलीमुळे दाब कमी होतो, तंतू आत ओढले जातात, पुन्हा दाब साठतो. चक्र पूर्ण. मी वीस वर्षं हेच शिकवतोय. यात दिशा कुठून आली?

कंपनकाका

सर, बर्नूली खोटा नाही, अपुरा आहे. तुम्ही सांगितलेल्या चक्रात उघडताना आणि मिटताना फटीचा आकार सारखाच धरलाय. प्रत्यक्षात तो सारखा नसतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

तंतू म्हणजे तार नव्हे, जाडी असलेली मऊ घडी आहे. आत स्नायू, वर अगदी सैल, ओलसर आवरण. जपानच्या हिरानोंनी १९७४ मध्ये ही मांडणी 'गाभा आणि आवरण' अशी नीट मांडली. आवरण इतकं सैल की खालची कड आधी हलते आणि वरची कड तिच्यामागून. सोलापुरी चादर दोन्ही हातांनी धरून झटकली की एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लाट धावते ना, तशी इथे खालून वर लाट जाते. स्ट्रोबोस्कोपीत डॉक्टर मुद्दाम तीच लाट बघतात.

आता एक फेरी सावकाश बघा. उघडताना खालच्या कडा आधी दूर जातात, वरच्या अजून जवळ. हवेची वाट खाली रुंद, वर अरुंद. अडथळा वरती असल्याने आतला दाब फुप्फुसाच्या दाबाच्या जवळ चढा राहतो आणि तंतूंना बाहेर रेटतो. ते बाहेरच चाललेत, म्हणजे ऊर्जा मिळाली. मिटताना खालच्या कडा आधी जवळ येतात, वरच्या अजून दूर. आता वाट खाली अरुंद, वर फाकलेली. हवा अरुंद जागेतून झोतासारखी सुटते, भिंतीला धरून राहत नाही, आणि वरच्या भागातला दाब बाहेरच्या हवेइतका किंवा त्याहून कमी होतो. बाहेर रेटणारं फारसं काही उरत नाही, स्प्रिंग तंतूंना सहज परत आणते. जाताना रेटा मोठा, येताना लहान. फरकाची ऊर्जा डॅम्पिंगची भरपाई करते. हवा सरळच वाहते, तरी तंतू मागेपुढे हलत राहतात ते यामुळे.

तुमचा बर्नूली या चित्रात आहेच, सर. पण एकट्याने तो चक्र चालवू शकत नाही. पोराचा प्रोग्राम त्याचा पुरावा आहे.

फिजिक्स_सर

मुद्दा समजला. तरी दहावीच्या मुलांना मी बर्नूलीच सांगणार. लाटेपर्यंत गेलो तर तास संपेल.

भाषाभिडू

यामागे एक झकास भांडण आहे. १९५० मध्ये पॅरिसच्या राउल ह्युसाँ यांनी म्हटलं की प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा मज्जासंदेश येतो. म्हणजे सेकंदाला २०० कंपनं हवीत तर २०० संदेश. गायिकेच्या १००० हर्ट्झच्या स्वराला मज्जातंतूंनी काय करावं? शिवाय डाव्या बाजूचा मज्जातंतू छातीत महाधमनीला वळसा घालून वर येतो, उजवा वरूनच वळतो. डावा लांब, मग दोन्ही स्वरतंतू एका वेळी कसे हलणार?

याला उत्तर म्हणून १९५८ मध्ये नेदरलँड्सच्या फान देन बर्ख यांनी मांडलं की स्नायू फक्त ताण आणि जागा ठरवतात, कंपन हवा आणि ऊतींची लवचिकता मिळून करतात. आणि मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्रात खालून हवा फुंकली तरी ते वाजतं, हे तर योहानेस म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. मेंदू नाही, मज्जासंदेश नाही, तरी आवाज. इतका साधा पुरावा समोर असताना वाद इतका चालला याचं मला नेहमी नवल वाटतं.

जुळे_सोलापूर

काका, दंडवत! बल फक्त जागेवर अवलंबून म्हणून बेरीज शून्य, हे आधी डोक्यात यायला हवं होतं की राव, थर्मोडायनॅमिक्समध्ये ऊर्जेच्या इतक्या फेऱ्या मारल्यात.

एक शंका. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत फ्लानागन आणि लँडग्राफ यांनी १९६८ मध्ये एका वस्तुमानाचंच मॉडेल केलं होतं आणि ते वाजलं, असं वाचलं. मग त्यांचं कसं वाजलं?

कंपनकाका

शाब्बास, बरोबर जागी बोट ठेवलंस. त्यांनी वर घसा आणि तोंडाची नळीही जोडली होती. त्या नळीतल्या हवेला जडत्व असतं. तंतू उघडले तरी हवेचा स्तंभ लगेच धावत नाही, आणि मिटू लागले तरी लगेच थांबत नाही. त्यामुळे उघडताना फटीवरचा दाब चढा, मिटताना पडलेला. पुन्हा तोच हिशेब: बलाला दिशा मिळाली. इथे लाटेऐवजी नळीने ती दिली.

पण कापून काढलेलं स्वरयंत्र नळीशिवायही वाजतं. म्हणून एक वस्तुमान पुरत नाही. इशिझाका आणि फ्लानागन यांनी १९७२ मध्ये प्रत्येक तंतूची दोन वस्तुमानं केली, खालचं आणि वरचं, मध्ये एक जोडस्प्रिंग. दोघांच्या हालचालीत आपोआप उशीर येतो आणि लाटेचं काम तेवढ्यात भागतं. आजही नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

आकडे घे. खालचं वस्तुमान ०.१२५ ग्रॅम, वरचं ०.०२५. स्प्रिंग अनुक्रमे ८० आणि ८ न्यूटन प्रति मीटर, जोडस्प्रिंग २५. फटीची लांबी १.४ सेंटिमीटर. तंतू एकमेकांवर आदळले की प्रत्येक स्प्रिंगच्या तिप्पट कडक अशी जादा स्प्रिंग लाव, नाहीतर ते एकमेकांतून आरपार जातील. खालचं वस्तुमान एकटं सोडलं तर वारंवारता किती येते ते कॅल्क्युलेटरवर काढ: १२७ हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीतच. आकडे हवेतून आणलेले नाहीत हे लक्षात येईल.

हवेसाठी श्टाइनेके आणि हेर्झेल यांची १९९५ ची सोपी पद्धत वापर. वरच्या वस्तुमानावर दाब शून्य धर, तिथे झोत सुटलेला असतो. खालच्यावरचा दाब = फुप्फुसाचा दाब × (१ − (सर्वांत अरुंद क्षेत्रफळ ÷ खालचं क्षेत्रफळ)²). खालची बाजू मिटलेली असेल तर शून्य. या एका ओळीत वरची सगळी गोष्ट आहे. वरची बाजू अरुंद असेल तर कंसातली किंमत शिल्लक राहते, रेटा मिळतो. खालचीच अरुंद असेल तर भागाकार १, रेटा शून्य. समीकरणं सोडवायला रुंगे-कुट्टा चौथा क्रम, ०.०१ मिलिसेकंदाची स्टेप, तुझ्या लॅपटॉपवर चहा ओतेपर्यंत होईल.

पूर्वभागवाला

सगळं समजलं असं न्हाई, पण एक विचारतो. आमचे वडील पॉवरलूमवर होते, आता बसून असतात. घरात पण त्यांचा आवाज टॉपलाच. आई म्हणते, हळू बोला ओ, शेजारी ऐकायलेत. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, न्हाईतर हातानं खुणा. 'बॉबिन संपली' याची खूण मला लहानपणापासून येते. त्या ओरडण्यानं तंतूंचं काय होत असेल?

वाचाताई

मी स्पीच थेरपिस्ट आहे. आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत शिक्षक खूप, आणि मागावर काम केलेलेही येतात.

गोंगाटात माणूस न ठरवता आवाज चढवतो. याला लोम्बार परिणाम म्हणतात, फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये मांडलेला. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र आधी कान तपासून घ्या. वर्षानुवर्षं मागांच्या आवाजात काढली की ऐकू कमी येतं, आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू न आल्याने माणूस जोरात बोलतो. घरच्यांना तो स्वभाव वाटतो.

तंतूंचं म्हणाल तर जोरात बोलणं म्हणजे फुप्फुसाचा दाब वाढवणं. कंपनाचा पल्ला वाढतो, मिटताना तंतू जास्त वेगाने आदळतात, पट्टीही जरा चढते. शिक्षिकेचा आवाज साधारण २०० हर्ट्झ धरा. तंतू खरोखर कंप पावत असतील असा एकूण एक तास मोजला तर ७ लाख २० हजार वेळा आदळणं झालं. गाठी येतात त्या तंतूच्या कंप पावणाऱ्या भागाच्या मध्यावर, कारण पल्ला आणि आदळणं तिथेच सर्वांत जास्त. जुळे_सोलापूर, तुझ्या आईच्या पडद्यावर उंचवटे समोरासमोर दिसले ते म्हणूनच.

आणि आईंना घाबरू देऊ नकोस. अशा गाठींवर पहिला उपाय सहसा ऑपरेशन नसतो, व्हॉइस थेरपी असते. मी स्ट्रॉमधून 'ऊ' म्हणायला लावते. पेशंट हसतात, पण त्यामागे काकांनी सांगितलेलंच विज्ञान आहे. तोंड अरुंद केलं की वरच्या हवेचं जडत्व वाढतं, तंतूंना कमी दाबात कंपन जमतं, आदळणंही सौम्य होतं. अमेरिकेतल्या इंगो टित्झे यांनी हा व्यायाम सिद्धांतासकट लोकप्रिय केला.

बाकी सगळ्यांसाठी: आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर ईएनटीला दाखवाच. तंबाखू, मिश्री, विडी असेल तर त्याआधीच.

शेंगाचटणी

ताई, आमच्याकडं उन्हाळ्यात घसा सारखा कोरडा पडतो. पाणी पिलं की तंतू भिजतात का?

वाचाताई

थेट भिजत नाहीत. पाणी अन्ननलिकेतून जातं, तंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी आहेत. पाणी तंतूंवर सांडलं तर ठसका लागेल. प्यायलेलं पाणी रक्तावाटे ऊतींपर्यंत पोचतं, त्याला वेळ लागतो. म्हणून तास सुरू व्हायच्या आधीपासून घोट घोट प्यावं. वरून ओलावा हवा तर वाफ.

कंपनकाका

यालाही सूत्र आहे. टित्झेंनी १९८८ मध्ये आवाज सुरू व्हायला लागणारा किमान दाब काढला. तो ऊतींच्या डॅम्पिंगबरोबर, लाटेच्या वेगाबरोबर आणि सुरुवातीच्या फटीबरोबर वाढतो, आणि तंतूच्या उभ्या जाडीबरोबर कमी होतो. ऊती कोरड्या पडल्या की चिकटपणा वाढतो, म्हणजे डॅम्पिंग वाढतं, म्हणजे बोलायला जास्त जोर. मे महिन्यात सोलापुरात दुपारी ४३ अंशांत तास घेणाऱ्या बाईंना हे सूत्र न वाचताही माहीत असतं.

भाषाभिडू

सुरुवातीच्या फटीचा विषय निघाला म्हणून. जुळे_सोलापूर, तुझ्या मॉडेलवर एक मराठी प्रयोग कर. घ, झ, ध, भ म्हणताना आपले तंतू कंप पावतात पण पूर्ण मिटत नाहीत, मागच्या बाजूने हवा गळत राहते. म्हणून तो हवाळ आवाज. मराठीत तर हे अनुनासिकांत आणि अर्धस्वरांतही आहे: म्हैस, न्हाणी, व्हय, कोल्हा. 'मात' आणि 'म्हात' असं आळीपाळीने म्हणा, हात गळ्यावर ठेवून. दोन्हीत थरथर लागते, दुसऱ्यात जरा ढिली.

मॉडेलमध्ये फटीची मूळ रुंदी हळूहळू वाढव. आधी तंतू एकमेकांना टेकेनासे होतील पण हलत राहतील, तो आपला 'म्ह'. आणखी वाढव, दाब पुरेनासा होईल आणि कंपन थांबेल, ती कुजबुज. एकच संख्या बदलून अर्धी वर्णमाला फिरते.

जुळे_सोलापूर

चाललं!!! काकांचे आकडे, श्टाइनेके-हेर्झेलची ओळ, आणि तंतू हलतायत, डॅम्पिंग जागेवर ठेवून. आलेखात खालचं वस्तुमान पुढे, वरचं थोड्या उशिराने त्याच्या मागे, दोन वळणं एकमेकांपासून सरकलेली. ऊर्जेची फेरीही काढली. बल विरुद्ध जागा असा आलेख घेतला तर आधीच्या मॉडेलमध्ये एकच रेघ येत होती, जाताना-येताना तीच. आता बंद वळसा आला, आणि त्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे मिळालेली ऊर्जा. गाईडना हाच आलेख दाखवणार.

भाषाभिडू, फट वाढवली तर तुम्ही म्हणता तसंच झालं. हवेच्या प्रवाहाचा आलेख स्पीकरवर सोडला, नुसतीच भुणभुण आली, अ नाही की आ नाही.

कंपनकाका

येणारच. तो मूळ स्वर आहे, अजून तोंडातून गेलेला नाही. १७ सेंटिमीटरची नळी वर बसव, एका टोकाला बंद. ५००, १५००, २५०० हर्ट्झला ती जोर धरेल आणि 'अ'च्या जवळपास काहीतरी ऐकू येईल.

आणि एक सांगून ठेवतो, परीक्षक विचारतील. दोन वस्तुमानं म्हणजे खरा तंतू नव्हे. त्या स्प्रिंगांकडे बोट दाखवून 'हा अमुक स्नायू' असं म्हणता येत नाही. स्टोरी आणि टित्झे यांनी १९९५ मध्ये गाभ्याचं तिसरं वस्तुमान घालून ती उणीव थोडी भरली. त्यापुढे फायनाइट एलिमेंट, म्हणजे तंतूचे असंख्य बारीक तुकडे करून सोडवणं. तिथे ऊतींचे थर आणि हवेचे भोवरे दोन्ही सोडवावे लागतात, काही फेऱ्यांसाठी मोठी मशीनं तासन् तास चालतात. आईच्या गाठीचं वजन आणि कडकपणा नेमक्या जागी घालायचा तर तिकडेच जावं लागेल. तुझ्या मॉडेलला पुढचं-मागचं कळत नाही, फक्त खाली-वर कळतं. गाठ त्यात दाखवली असं रिपोर्टमध्ये लिहू नकोस.

जमेल तो प्रयोग वेगळा: डावी-उजवी सुटी कर. एका बाजूच्या स्प्रिंगा ढिल्या आणि वस्तुमान त्याच प्रमाणात जड. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर एका बाजूचा मज्जातंतू दुखावतो त्याचं हे ढोबळ चित्र.

जुळे_सोलापूर

केलं. ताणाचं गुणोत्तर (ढिली बाजू ÷ चांगली बाजू) १ वरून खाली आणत गेलो. बराच वेळ दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेतात, एकाच वारंवारतेवर चालतात, ढिली बाजू जरा मागे राहते इतकंच. ०.६ च्या खाली दाब वाढवला की बिघडतं. एक उंच शिखर, एक ठेंगणं, पुन्हा उंच, पुन्हा ठेंगणं. आणखी एका जागी तर काही नियमच दिसत नाही. आकडेमोडीतली गडबड वाटली म्हणून स्टेप निम्मी केली, तेच आलं.

कंपनकाका

गडबड नाही. श्टाइनेके-हेर्झेलच्या लेखाचा मुख्य निष्कर्ष तोच. एकाआड एक शिखर म्हणजे पट्टी निम्म्यावर येते, ऐकायला खरखरीत, दुहेरी आवाज.

वाचाताई

आणि असे पेशंट स्ट्रोबोस्कोपीत नीट दिसतच नाहीत. तो दिवा आवाजाच्या वारंवारतेशी किंचित हुकवून लुकलुकतो, वेगवेगळ्या फेऱ्यांतले तुकडे जोडून एक संथ फेरी दाखवतो. सगळ्या फेऱ्या सारख्या असतील तरच ते चित्र खरं. फेरीगणिक आकार बदलला की पडद्यावर नुसता थरथराट. तिथे हाय-स्पीड कॅमेराच लागतो. बेल लॅब्सने १९४० च्या सुमारास सेकंदाला ४००० फ्रेमची फिल्म काढली होती, पण आजही बहुतेक दवाखान्यांत असा कॅमेरा नसतो. तुझे ते उंच-ठेंगण्या शिखरांचे आलेख मला व्यनि कर. पेशंटला 'स्ट्रोबोत काही स्पष्ट नाही' असं सांगताना कागदावर काहीतरी दाखवता येईल.

जुळे_सोलापूर

आलेख पाठवले, ताई. आईला स्ट्रॉचा व्यायाम सांगितला. म्हणाली, आधी वर्गातला पंखा दुरुस्त करायला सांग तुमच्या इंजिनिअरांना, त्याच्या वरताण ओरडावं लागतं.

पूर्वभागवाला

वडलांचे कान तपासायला नंबर लावलाय. घरी सांगितलं तर म्हणाले, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच हळू बोलायलाव.